संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग : कायदा, व्यवहार आणि आपली जबाबदारी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वर्षभरात तपासलेले रुग्ण, पार पडलेल्या शस्त्रक्रिया, नव्याने आलेली यंत्रसामग्री आणि जमाखर्चाचा ताळेबंद यांची माहिती देण्याची प्रथा आहे. या माहितीच्या जोडीला ज्या इमारतीत ही सेवा चालते, त्या इमारतीविषयीही चार शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. प्रश्न साधा आहे. रात्रीच्या वेळी एखाद्या कक्षात आग लागली, तर तेथील प्रत्येक रुग्णाला सुखरूप बाहेर काढता येईल काय? दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या तिघांसाठी हा लेख लिहिला आहे, कारण या प्रश्नाच्या उत्तराचा थोडाथोडा भाग तिघांच्याही हाती आहे.

आपल्या जिल्ह्याची आठवण

१ जुलै २०२३ रोजी पहाटेपूर्वी, दीडच्या सुमारास, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी प्रवासी बस उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. त्यांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. बस डाव्या कुशीवर पडली आणि प्रवाशांच्या चढउताराचे दार त्याच बाजूस होते. दार जमिनीला टेकले आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसांना बाहेर पडण्याचा नेहमीचा मार्ग उरला नाही. जे वाचले, त्यांतील काहींनी खिडकीच्या काचा फोडून जीव वाचविला. मृतांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. सुलतानपूरच्या शेजारच्या तालुक्यातली ही घटना. ती आपल्यापैकी कोणी विसरला असेल असे वाटत नाही.

ही दुर्घटना वाहनाची होती, इमारतीची नव्हे. तरीही तिचा बोध इमारतीला जसाच्या तसा लागू पडतो. दार असणे ही एक गोष्ट आणि नेमक्या क्षणी ते उपयोगी पडणे ही दुसरी गोष्ट. बाहेर पडण्याची एकच वाट असेल, तर संकट नेमके त्या वाटेवरच येऊन उभे राहू शकते. म्हणून शाळा, मंगल कार्यालय, चित्रपटगृह, बाजारसंकुल वा रुग्णालय अशा ज्या ज्या ठिकाणी अनेक माणसे एकत्र येतात, तेथे एकमेकांपासून दूर असलेल्या किमान दोन वाटा असाव्यात, असा दंडक आहे. दुसरी वाट रोज वापरात नसते, म्हणून ती वाया गेलेली जागा वाटते. ती ज्या दिवशी लागते, त्या दिवशी मात्र तिला पर्याय नसतो.

रुग्णालय इतर इमारतींहून वेगळे का?

शाळेत घंटा वाजली की मुले रांगेने मैदानात येऊ शकतात. कार्यालयातील माणसे जिन्याने खाली उतरतात. रुग्णालयात मात्र ज्यांना वाचवायचे, त्यांतील बहुतेकांना स्वतःच्या पायांनी चालता येत नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली स्त्री, पाय वजनाला बांधून ठेवलेला शेतकरी, प्राणवायूच्या नळीवर असलेले वृद्ध, काचेच्या पेटीतले नवजात अर्भक, या सर्वांना दुसऱ्या कोणी तरी उचलावे लागते. रात्रीच्या पाळीत उचलणारे हात दिवसाच्या मानाने फार थोडे असतात. म्हणून जो नियम इतर इमारतींना पुरेसा आहे, तो रुग्णालयाला पुरेसा ठरत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. त्यांपैकी सात वाचविता आली, दहा दगावली. त्या दहांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्यामुळे आणि सात जणांचा धुरामुळे गुदमरून झाल्याचे राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. या रुग्णालयात अग्निशमन यंत्रणा बसविण्याचा प्रस्ताव मंजुरीच्या प्रतीक्षेत पडून होता, ही बाब दुर्घटनेनंतर उजेडात आली. यानंतर चार वर्षेही लोटली नव्हती, तोच १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशातील झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात अर्भकांच्या कक्षालाच आग लागली आणि त्या रात्री दहा अर्भके गेली.

ज्यांना हलता येत नाही त्यांच्या असहायतेचे सर्वांत विदारक उदाहरण तमिळनाडूतील एरवाडी येथले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्याची झोपडी पेटली. रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. २८ जणांचा अंत झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. आपल्या रुग्णालयांत साखळ्या नसतात, हे खरे. पण कुलूपबंद दार, खाटांच्या गर्दीने चिंचोळी झालेली वाट आणि सामानाने भरलेला जिना यांचा परिणाम आगीच्या वेळी साखळीहून फारसा वेगळा होत नाही.

जाळापेक्षा धूर घातक

आगीत माणूस जळून मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात बंदिस्त जागेतील आगीत धुराचे बळी बहुधा अधिक असतात. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोमाने जोडला जातो आणि प्राणवायूसाठी जागाच शिल्लक ठेवत नाही. फोमच्या गाद्या, रेक्झिनची आवरणे, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि विजेच्या तारांवरील वेष्टने जळू लागली की त्याहून विषारी वायू निघतात. माणसाला झोपेतच ग्लानी येते आणि धावण्याची इच्छा होण्यापूर्वीच शक्ती संपते. ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्याला तर मिनिटभराचाही अवधी मिळत नाही.

धूर गरम असतो म्हणून तो प्रथम छताकडे जातो, तेथे पसरतो आणि मग हळूहळू खाली उतरू लागतो. काही काळ जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी राहते. म्हणूनच धुरातून जाताना ओणवे होऊन वा रांगत जावे, असे सांगतात. जिन्याची मोकळी पोकळी मात्र धुराला धुराड्यासारखी वर ओढून घेते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात हेच घडले. तळमजल्यावरील रोहित्राला लागलेल्या आगीचा धूर वर चढून सज्जापर्यंत पोहोचला. सज्जात जादा खुर्च्या बसवून बाहेर जाण्याची एक वाट बंद करण्यात आली होती. ५९ प्रेक्षक मरण पावले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. धूर पोहोचला होता.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे प्राणवायू. नेहमीच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. अतिदक्षता कक्षासारख्या बंद खोलीत नळ्यांमधून थोडा थोडा प्राणवायू गळत राहिला व हवा खेळती नसली, तर हे प्रमाण वाढते. प्राणवायू स्वतः जळत नाही. पण इतर वस्तूंचे जळणे तो कमालीचे वेगवान करतो. साधी ठिणगीही अशा वेळी साधी राहत नाही.

२०२१ या वर्षाने शिकविलेले

कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रातील रुग्णालयांवर जो भार पडला, त्यात त्यांच्या इमारतींची आणि वीजवाहिन्यांचीही परीक्षा झाली. २५ मार्च २०२१ च्या रात्री मुंबईच्या भांडुप येथे एका व्यापारी संकुलात सर्वांत वरच्या मजल्यावर असलेल्या रुग्णालयातील रुग्णांवर खालच्या मजल्यावरून लागत आलेल्या आगीचे संकट कोसळले. २३ एप्रिल रोजी पहाटे विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात वातानुकूलन यंत्राजवळ आग लागली आणि त्या दिवशी १३ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता कक्षाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला.

ही ठिकाणे वेगवेगळी, इमारती वेगवेगळ्या. तरी साम्य सहज दिसते. बहुतेक आगी विजेच्या यंत्रांतून वा तारांतून सुरू झाल्या. अतिदक्षता कक्षात श्वसनयंत्रे, मॉनिटर, औषध सोडणारे पंप आणि वातानुकूलन ही सर्व साधने दिवसरात्र चालू असतात. इमारत बांधताना जेवढा वीजभार गृहीत धरला होता, त्याच्या कितीतरी पट भार पुढे त्याच तारांवर येतो. एका बोर्डाला जोडलेली दुसरी वायर, तिला जोडलेली तिसरी, असे करत करत यंत्र सुरू होते खरे. पण तार तापत राहते. देणगीतून आलेले प्रत्येक नवे यंत्र जोडण्यापूर्वी तारा तेवढा भार पेलतात की नाही, हे पाहणे हा अग्निसुरक्षेचा पहिला धडा आहे. आग लागल्यावर दाराचा प्रश्न येतो. ती लागूच नये हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्या राज्यात 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्याचे सार असे की, इमारतीचा मालक असो वा भोगवटादार, अग्निसुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आवश्यक ती साधने बसविणे आणि ती नेहमी चालू स्थितीत ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. साधने सुस्थितीत असल्याबद्दल परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. अधिकाऱ्यास इमारतीची तपासणी करण्याचा, त्रुटी दूर करण्याची नोटीस देण्याचा आणि धोका गंभीर असल्यास इमारत रिकामी करून घेण्याचाही अधिकार आहे. सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयात ही जबाबदारी अंतिमतः विश्वस्त मंडळावर येते. ती ठेकेदाराच्या वा वीजतंत्रज्ञाच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली; पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिच्या चौथ्या भागात अग्नी व जीवसुरक्षेचे नियम आहेत. रुग्णालयासंबंधीचे त्यांतील काही नियम सर्वसामान्य वाचकालाही समजण्याजोगे आहेत, आणि समजले तर ते स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतात :

१. रुग्ण ज्या वाटेने नेले जातात तो मुख्य मार्ग किमान २.४ मीटर रुंद असावा. समोरासमोरून आलेल्या दोन खाटा एकमेकींना न अडता जाव्यात, हा त्यामागील हेतू आहे. भिंतीलगत एक कपाट ठेवले की हा हेतू संपतो.

२. जिना किमान दोन मीटर रुंद असावा. वळणावर स्ट्रेचर फिरविता आले पाहिजे.

३. बाहेर जाण्याचे दार किमान एक मीटर रुंद व दोन मीटर उंच असावे आणि ते बाहेरच्या दिशेने उघडावे. आत उघडणाऱ्या दारावर गर्दीचा रेटा आला की ते उघडता येत नाही.

४. हे दार आतील बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे.

५. आगीला दाद न देणाऱ्या पक्क्या बांधकामात कोणत्याही ठिकाणापासून सुरक्षित जिन्यापर्यंत वा बाहेरच्या दारापर्यंत चालण्याचे अंतर ३० मीटरपेक्षा अधिक नसावे.

६. उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, ही बाहेर पडण्याची वाट म्हणून धरली जात नाही. वीज गेली की ती मध्येच थांबते आणि तिची पोकळी धुराने भरते.

याशिवाय वाट दाखविणारे उजळ फलक, वीज गेल्यावर आपोआप लागणारे दिवे, धूर ओळखून इशारा देणारी यंत्रणा, पाण्याचे नळ व अग्निशामके यांचीही तरतूद आहे. पण वरील सहा गोष्टींकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. कारण यंत्र बिघडले तर तंत्रज्ञ लागतो, वाट अडली तर मात्र ती अडली आहे हे सांगण्यासाठी कोणाही डोळस माणसाची साक्ष पुरते.

अंमलबजावणी कोठे अडते?

कायदा आहे, संहिता आहे, अधिकारीही आहेत. तरी दुर्घटना घडतात. याचे खापर एखाद्या व्यक्तीवर फोडणे सोपे असते, पण त्याने प्रश्न सुटत नाही. अडचणी कोणत्या, ते समजून घेतले पाहिजे.

पहिली अडचण अधिकाऱ्याची. चित्रपटगृह वा मंगल कार्यालय असुरक्षित आढळले, तर ते बंद ठेवून लोकांचे फारसे अडत नाही. रुग्णालय बंद करायचे म्हटले, तर आत असलेल्या रुग्णांना न्यायचे कोठे? ज्या पंचक्रोशीत दुसरे रुग्णालयच नाही, तेथे टाळे लावण्याचा उपाय रोगापेक्षा जालीम ठरतो. मग नोटिशीला मुदत मिळते, मुदतीला मुदतवाढ मिळते आणि त्रुटी तशीच राहते. म्हणजे ज्या इमारतीला सुरक्षिततेची सर्वाधिक गरज, तिच्याविरुद्धच कायद्याचा कठोर उपाय वापरणे सर्वाधिक अवघड. ही सवलत आपली सोय नाही, ती आपल्यावरील वाढीव जबाबदारी आहे, असे रुग्णालयांनी मानले तरच हा पेच सुटू शकतो.

दुसरी अडचण कागदाची. प्रमाणपत्र हे एका दिवसाचे चित्र असते. तपासणीच्या दिवशी मोकळा असलेला जिना आठवड्याने सलाइनच्या खोक्यांनी भरतो. अग्निशामकाचा दाब तपासता येतो आणि त्याची तारीखही लिहिता येते. जिना रोज रात्री मोकळा असतो की नाही, याची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रात होत नाही.

तिसरी अडचण आपल्या मनाची आहे, आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आमच्या इमारतीच्या मागील जिन्याच्या दाराला पूर्वी रात्री कुलूप घालण्याचा परिपाठ होता. कारण वरकरणी रास्त होते. त्या दाराने परके लोक येत, नळाच्या तोट्या आणि औषधांची खोकी नाहीशी होत. किल्ली रखवालदाराकडे असे. एकदा दुपारच्या वेळी सराव म्हणून एका कर्मचाऱ्याला रुग्ण समजून त्या जिन्याने खाली आणावयाचे ठरले. दाराशी गेल्यावर कुलूप दिसले. रखवालदार फाटकाशी होता. त्याने किल्ली आदल्या पाळीच्या माणसाकडे राहिल्याचे सांगितले. किल्ली आली तोवर सराव करणारी मंडळी हसत हसत पांगली होती. सायंकाळी मात्र त्या हसण्याचा अर्थ सर्वांच्या लक्षात आला. ती दुपार होती, कक्षात उजेड होता, धूर नव्हता आणि स्ट्रेचरवर धडधाकट माणूस होता.

चोरीच्या भयाने लावलेल्या कुलपाचा इतिहास जुना आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली, तेव्हा नवव्या मजल्यावरील जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगार मुलींनी कापड चोरून नेऊ नये, म्हणून ही खबरदारी घेतलेली होती. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि बाहेर पडण्याच्या वाटांविषयीचे नियम कडक झाले. त्या घटनेला शंभराहून अधिक वर्षे झाली. कुलपामागची विचारसरणी मात्र ठिकठिकाणी अद्याप टिकून आहे. आमच्या दाराला आता आतून ढकलताच उघडणारा दांडा आहे. बाहेरून ते उघडत नाही, त्यामुळे चोरीचा प्रश्नही मिटला. जो खर्च आला तो हरवलेल्या तोट्यांच्या किमतीहून फार मोठा नव्हता. उपाय अवघड नव्हता, तो सुचेपर्यंतच वेळ गेला, हे येथे कबूल केले पाहिजे.

ग्रामीण रुग्णालयाची विशेष अडचण

महानगरात दूरध्वनी केल्यावर काही मिनिटांत अग्निशमन दल येऊ शकते. सुलतानपूर हे ग्रामपंचायतीचे गाव. बंब येणार तो लोणार किंवा मेहकर अशा नगरपरिषदेच्या गावाहून. रस्ता मोकळा असला, बंब त्याच वेळी दुसऱ्या आगीवर गेलेला नसला, तरी तो पोहोचेपर्यंतचा काळ रुग्णालयाने स्वतःच्या बळावर काढायचा असतो. त्यातही पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची. तेव्हा कक्षात असते ती रात्रपाळीची परिचारिका, एखादा वॉर्डबॉय आणि रुग्णांचे नातेवाईक. म्हणून ग्रामीण भागात अग्निसुरक्षेचा अर्थ प्रामुख्याने दोन गोष्टींत सामावतो : मोकळी वाट आणि शिकविलेली माणसे.

रुग्णालयात आग लागली की सर्वांनी एकदम जिन्याकडे धावायचे नसते. आगीच्या कक्षातील रुग्णांना प्रथम त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित कक्षात सरकवायचे, मधले दार बंद करायचे आणि गरज पडली तरच तेथून खाली उतरवायचे, अशी पद्धत आहे. खाट सरळ सरकविणे हे जिन्यावरून उतरविण्याहून कितीतरी सोपे असते. मधले दार आग व धूर थोपविणारे असेल आणि कोणी ते लाकडी पाचर ठोकून कायमचे उघडे ठेवलेले नसेल, तर या पद्धतीने मौल्यवान वेळ मिळतो. जिन्याचे दार उघडता यायला हवे आणि दोन कक्षांमधले दार बंद व्हायला हवे, हा भेद प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगवळणी पडला पाहिजे.

क्रमही ठरलेला असावा. धोक्यातील रुग्णाला प्रथम हलवा. हलवता हलवता मोठ्याने इशारा द्या. बाहेर पडताना दार लावून घ्या. आणि आग लहान असेल, पाठीशी बाहेर जाण्याची वाट असेल, तरच विझविण्यास हात घाला. त्या कक्षाचा प्राणवायूचा झडप-नळ कोठे आहे आणि तो बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच ठरलेले असावे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. अंगाखालची चादर चारही बाजूंनी धरून, किंवा एकटे असल्यास ती जमिनीवरून ओढत, रुग्णाला बाहेर नेता येते. सडपातळ परिचारिकाही या रीतीने भारी वजनाच्या रुग्णाला हलवू शकते. मात्र त्यासाठी तिने ते एकदा तरी प्रत्यक्ष केलेले असावे लागते.

कोणी काय करावे?

विश्वस्तांनी जानेवारी व जुलैच्या प्रमाणपत्रावर केवळ स्वाक्षरी करून थांबू नये. आपल्यापैकी एकाने महिन्यातून एकदा, आणि तेही रात्री, न कळविता मागील जिन्याने वर यावे. कोठे अडखळले, कोठे दिवा नव्हता, कोणते दार उघडले नाही, एवढेच लिहून आणावे. तो कागद मंडळाच्या पुढील सभेत पहिल्या विषयाच्या जागी ठेवावा. वीजतपासणी, अग्निशामकांचे पुनर्भरण आणि कर्मचाऱ्यांचा सराव यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. शिलकीतून करू म्हटले की ते होत नाही.

दात्यांना आमची नम्र विनंती वेगळी आहे. आई-वडिलांच्या स्मरणार्थ खोली, खाट वा यंत्र देण्याची आपल्याकडे सुंदर परंपरा आहे आणि तिच्यावरच धर्मादाय रुग्णालये उभी आहेत. नव्या वीजवाहिनीवर, धुराच्या इशारा यंत्रणेवर वा दुसऱ्या जिन्यावर मात्र सहसा कोणाचे नाव दिसत नाही. या गोष्टी उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभत नाहीत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी अशा न दिसणाऱ्या कामासाठीही देणगी द्यावी. यंत्रासाठी देणगी देताना त्या यंत्राच्या वीजजोडणीचा खर्चही तिच्यात धरावा. आणि नव्या खाटांसाठी आग्रह धरण्यापूर्वी, त्या मांडल्यावर वाट किती उरेल, हे आम्हांस अवश्य विचारावे.

रुग्णांच्या आप्तांची अडचण आम्ही जाणतो. खेड्यातून आलेल्या माणसाला रात्री राहण्यास दुसरी जागा नसते. तो रुग्णाजवळच, मार्गिकेत सतरंजी अंथरून पडतो. त्याला उठवून हाकलणे हा उपाय नव्हे. त्याच्यासाठी निराळी निवाऱ्याची जागा करणे हे रुग्णालयाचे काम आहे. आपणाकडून आम्हांस एवढेच हवे : जिन्यावर पिशव्या, चपला व डबे ठेवू नयेत, कक्षात स्टोव्ह, अगरबत्ती, बिडी पेटवू नये, भ्रमणध्वनी प्रभारित करण्यासाठी रुग्णाच्या यंत्राचा प्लग काढू नये. आपला रुग्ण ज्या दिवशी दाखल होईल, त्या दिवशी त्याच्या खाटेपासून दोन्ही बाजूंच्या दारापर्यंत एकदा चालून पाहावे. एखादे दार बंद आढळले तर परिचारिकेस विचारावे. असे विचारण्यात आगाऊपणा नाही. तो आपला हक्क आहे, आणि आम्हांला त्याची मदतच होईल.

हीच नजर गावातल्या इतर इमारतींकडेही वळावी, अशी आमची अपेक्षा आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेत स्वयंपाकाच्या जागेपासून गवताच्या छपराला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. आपल्या पाल्याच्या शाळेत पोषण आहार कोठे शिजतो आणि वर्गाला किती दारे आहेत, लग्नाच्या मांडवाला वाढप्यांच्या वाटेखेरीज दुसरी वाट आहे की नाही, हे पाहणारा एक जरी पालक वा पाहुणा प्रत्येक ठिकाणी असेल, तर तपासणी अधिकाऱ्याचे निम्मे काम झाल्यासारखे आहे.

समारोप

रुग्णालयात येणारा माणूस आपला देह आणि आपले भय दोन्ही आमच्या स्वाधीन करतो. तो औषधांची नावे विचारतो, खर्चाचा अंदाज विचारतो. मागचा जिना कोठे आहे, हे विचारावे असे त्याच्या मनातही येत नाही, कारण ती काळजी कोणी तरी घेतली असेल असे तो गृहीत धरतो. ते गृहीत खरे ठरविणे, एवढाच या सर्व नियमांचा अर्थ आहे. जिल्ह्यात ज्या रात्री दार जमिनीला टेकले, त्या रात्रीची आठवण ठेवून, आपल्या रुग्णालयाची दोन्ही दारे दिवसा आणि रात्री उघडता येतील अशी राहावीत, यासाठी विश्वस्तांची दक्षता, दात्यांचे साहाय्य आणि आप्तांचे सहकार्य आम्ही नम्रपणे मागत आहोत.